मळ्यातलं आजोबांचं घर हेरिटेज झोनमध्ये आहे, म्हणजे आता नेमकं काय करता येतं?

गळकं_कौल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत बसते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या आजोबांचं घर पणजीत मळा नावाच्या जुन्या वस्तीत आहे, मारुतीच्या देवळाकडे वाट चढते ना, तिच्या खालच्या अंगाला. खाली चार खोल्या, वर दोन, मधे छोटंसं राजांगण आणि तुळस, पुढे बाल्कांव, म्हणजे दारापुढची उघडी पडवी, आणि त्याला दोन्हीकडून सोपे, म्हणजे बसायचे कट्टे. चिऱ्याच्या भिंती, दीड हात तरी जाड असतील. वरच्या एका खोलीला अजून शिंपल्यांची खिडकी आहे, बाकी खिडक्यांना माझ्या जन्माआधीच काचा बसल्यात. बाबा गेल्यापासून घर बंद असतं, फक्त चवथीला उघडतो, तेव्हा सगळे येतात.

यंदा माटोळी (गणपतीच्या वर फळापानांची टांगतात ती चौकट) बांधायला काका स्टुलावर चढले, दोरी टाकायला वाशाला हात घातला तर मूठभर भुसाच हातात आला. वाळवी. वरची दोनचार कौलं सरकलीत, तिथून पाणी भिंतीवर उतरतंय आणि भिंतीला हिरवं शेवाळ धरलंय. काकांनी काही न बोलता दोरी पलीकडच्या वाशाला बांधली, पण जेवताना विषय निघालाच.

तर आता प्रत्येकजण वेगळं सांगतोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो छप्पर काढून स्लॅब टाकू, कटकटच संपली. शेजारचे म्हणतात बाई हे हेरिटेज, इथे खिळा मारायचा तरी परवानगी लागते, पकडलं तर आत टाकतील. एक एजंट सारखा फोन करतो की हेरिटेज आहे म्हणूनच डबल भाव मिळेल, दिल्लीची पार्टी आहे, कॅफे करायचाय. आणि आमचा आतेभाऊ म्हणतो हा सगळा भाग युनेस्कोचा आहे, त्यामुळे दुरुस्तीला सरकारकडून पैसे मिळतात, फक्त अर्ज करायचा.

यातलं खरं काय? मला घर विकायचं नाहीये. पण पुढचा पाऊस ते काढेल असं वाटत नाही.

चिरेबंदी

ताई, आधी एक गोष्ट, युनेस्को विसरा. व्हॉट्सॅपवर दर वर्षी फिरतं की फोंताइन्यस (पणजीतलीच जुनी वस्ती) १९८४ ला युनेस्कोने हेरिटेज झोन केला म्हणून, टुरिस्ट गाइडसुद्धा घडाघडा तेच बोलतात. युनेस्कोच्या यादीत आहेत ती जुन्या गोव्याची चर्चं आणि कॉन्व्हेंटं, तीही १९८६ ला आली. फोंताइन्यस, मळा, सांतोमे त्या यादीत नाहीत. आपल्याला जे बंधन आहे ते आपल्याच टाउन प्लॅनिंगचं, म्हणजे प्लॅनमध्ये हा भाग संवर्धन क्षेत्र म्हणून रंगवलाय त्याचं.

आमचं घर पणजीतच, सांतोमेत. तीन वर्षांपूर्वी पूर्ण शाकारणी केली, वासे बदलले, पुढची भिंत परत चुन्याने गिलावा केली. खिळा मारायला कोणी विचारत नाही हो! कौलं परतणं, सडलेला वासा काढून तसाच दुसरा घालणं, रंग देणं, याला कोणी हात धरत नाही. तरी मी काय केलं, काम काढायच्या आधी घराचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, एका पानाचं पत्र लिहिलं की असं असं तसंच परत करतोय, उंची वाढवत नाही, नवीन भिंत नाही, फोटो जोडले आणि महापालिकेत देऊन पोच घेतली. ती पोच म्हणजे सोनं. मधे कोणीतरी तक्रार केली (कोणी ते मला ठाऊक आहे, जाऊ दे), इन्स्पेक्शनला आले, पोच आणि फोटो बघून चहा पिऊन गेले.

आता स्लॅबचं. कृपा करून टाकू नका. हेरिटेजचं कारण नंतर, आधी भिंतींचं ऐका. आपल्या जुन्या घरांत चिरे बहुतेक मातीत नाहीतर चुन्यात बसवलेले असतात, ती भिंत कौलाच्या छपराचं ओझं पसरून घेते, तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब ठेवला तर ती तडकते, मग तो म्हणणार खांब घाला, मग खांबांसाठी भिंती फोडा, मग घर राहतच नाही, नुसता पुढचा मुखवटा राहतो. आमच्या गल्लीत असंच एक झालंय, पुढून पिवळं आणि निळी किनार, आत टाइल्स आणि फॉल्स सीलिंग.

दुसरं, सिमेंटचा गिलावा. चिरा हा सच्छिद्र दगड, पावसात पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. पणजीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भिंत चार महिने ओलीच. चुना ते पाणी बाहेर जाऊ देतो, सिमेंट आत कोंडतं. कोंडलं की आतल्या बाजूने रंगाला फुगे येतात, मीठ फुटतं, आणि मग तोच माणूस येऊन सांगतो वॉटरप्रूफिंग करा. माझ्या वडिलांनी १९९० च्या सुमाराला मागच्या भिंतीला सिमेंट मारलं होतं, ते खरवडायलाच आम्हाला तीन आठवडे लागले, आतला चिरा हाताने चुरत होता.

चुन्याचं काम येणारा मेस्त शोधा. कमी आहेत पण आहेत. चुना आणल्या आणल्या वापरत असेल तर त्याला सोडा, भिजवून ठेवलेला पाहिजे, निदान काही आठवडे.

खोताच्या_वाडीतला

आमचं गिरगावात यातच सगळं आयुष्य गेलंय म्हणून लिहितो. मुंबईत हेरिटेजचे नियम १९९५ ला आले, तिथे इमारतींना ग्रेड असते, एक, दोन-ए, दोन-बी, तीन. एक असेल तर हात लावणं कठीण, तीन असेल तर बरीच मोकळीक. तुमच्या घराला कुठली ग्रेड आहे ते बघा, त्यावर सगळं ठरतं. आणि टीडीआर, म्हणजे बांधायचा हक्क दुसरीकडे वापरायला किंवा विकायला, मिळतो का ते विचारा.

ड्राफ्ट्समन_बाब

@खोताच्या_वाडीतला, दादा मुंबईचं गणित इथे चालत नाही. इथे घराला ग्रेड बघण्याआधी जागा कुठल्या झोनमध्ये आहे ते बघतात.

ताई, मी आर्किटेक्ट नव्हे, आर्किटेक्टकडे बावीस वर्षं प्लॅन काढतो, त्यामुळे काउंटरचं काय ते सांगतो. आपल्याकडे कायदा टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट १९७४ चा, आणि बांधकामाचे नियम २०१० चे. त्यात संवर्धन क्षेत्रांसाठी वेगळे नियम आहेत आणि एक कॉन्झर्व्हेशन कमिटी आहे. तुम्ही झोनमध्ये काही नवीन बांधणार, पाडणार, मजला चढवणार, दर्शनी भाग बदलणार असाल तर फाइल पीडीएकडे, म्हणजे नियोजन प्राधिकरणाकडे, जाते आणि कमिटीपुढे ठेवतात. कमिटी बघते ते पुढून दिसणारं, म्हणजे छपराचा उतार, उंची, बाल्कांव, खिडक्यांची मापं. मग पीडीएची परवानगी, त्यावर महापालिकेचं लायसन्स, काम झालं की ऑक्युपन्सी. त्या वाटेने जायला वेळ लागतो, त्यात शंकाच नाही.

पण तुमचं काम त्या वाटेचं नाहीच. छप्पर होतं तसंच परत करणं म्हणजे दुरुस्ती. चिरेबंदींनी सांगितलं तसं पत्र द्या, पोच घ्या. फक्त एक करा, पत्राला जोडायला एक साधं मेजरमेंट ड्रॉइंग काढून घ्या. मोभाची उंची, भिंतीची उंची, उतार. उद्या कोणी म्हणालं तुम्ही दोन फूट चढवलं तर दाखवायला कागद पाहिजे.

आधी सिटी सर्व्हेतून फॉर्म डी (मालकाचं नाव असलेला उतारा) आणि प्लॅन काढा, पीटी शीट नंबर आणि चलता नंबर, म्हणजे जागेचा सर्व्हे नंबर, त्यावर असतो. पीडीएकडून झोनिंग सर्टिफिकेट मागा, फी नाममात्र असते. मळ्यातली सगळीच घरं त्या झोनमध्ये आहेत असं धरून चालू नका, रेघ कधी कधी रस्त्याच्या मधून गेलेली असते, समोरचा आत आणि तुम्ही बाहेर. घर ओरें खाडीच्या बाजूला पडत असेल तर सीआरझेडही, म्हणजे किनाऱ्याचे बांधकाम नियम, बघावं लागेल, ते वेगळं प्रकरण.

फोंडेकर

शेजारी आत टाकतील म्हणाले ते कुठून आलं ते सांगतो, लोक दोन कायदे एकत्र करतात.

आमची जागा फोंड्यात साफा मशिदीजवळ. साफा मशीद एएसआयच्या, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या, संरक्षणात आहे. एएसआयचं स्मारक असलं की संरक्षित हद्दीपासून १०० मीटर म्हणजे प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवीन बांधकाम नाहीच, आणि त्याच्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे बांधकामाला सुद्धा आणि दुरुस्तीला सुद्धा अर्ज करून परवानगी. हा १९५८ चा केंद्राचा कायदा, २०१० ला दुरुस्ती होऊन कडक झाला. त्यात परवानगीशिवाय बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुरुंगाची भीती ती ही.

अंतर मोजतात ते मशिदीच्या भिंतीपासून नाही, संरक्षित जागेच्या हद्दीपासून. आमचा सगळा घोळ तिथेच झाला, आम्ही टेप लावला तळीच्या पायरीपासून, सर्व्हेवाल्याने लावला हद्दीच्या दगडापासून, आणि आमचं स्वयंपाकघर १०० च्या आत गेलं, पुढची खोली बाहेर. एकाच घरात दोन कायदे! १०० च्या आतल्या घराला दुरुस्ती करता येते, पण घर १६ जून १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवायला लागतं. आमच्याकडे जुनी घरपट्टीची पावती निघाली आजीच्या ट्रंकेत, हळदीकुंकवाच्या डब्याखाली, म्हणून वाचलो. अर्ज आला की पुढे पाठवायला १५ दिवस, स्मारक प्राधिकरणाला दोन महिने, मग एक महिन्यात निर्णय, असं कायद्यात आहे. आम्हाला त्याच्यापेक्षा जास्त लागले, कारण आमचाच नकाशा दोनदा परत आला.

मळ्यात तुमच्या घराच्या ३०० मीटरमध्ये एएसआयचं काही नसेल तर हा कायदा तुम्हाला लागत नाही. जुन्या गोव्यात, तांबडी सुर्लाला, आग्वादला ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी मात्र टेप घेऊनच बसावं. शिवाय राज्याचा वेगळा कायदा आहे, त्याखाली राज्य सरकारची आपली स्मारकं आहेत, नार्व्याचं सप्तकोटेश्वर त्यातलंच.

कडू_कारलं

सगळे नियम सांगताय, पैशाचं कोणी बोलत नाही.

माझं घर फोंताइन्यसला. खाली एक भाडेकरू, वडिलांच्या काळापासूनचा, भाडं किती ते लिहायलाही लाज वाटते, १९६८ चा रेंट कायदा, त्याला काढता येत नाही आणि भाडं वाढवता येत नाही. त्या भाड्यात वर्षाला कौलंसुद्धा चाळून होत नाहीत. आणि आम्ही म्हणे वारसा जपायचा. कोणासाठी? सकाळी सात वाजता दार उघडलं तर सोप्यावर एक नवरी बसलेली असते, तिच्या घागऱ्यावर फोटोग्राफर रिफ्लेक्टर धरून उभा, आणि मला सांगतो काका जरा फ्रेममधून बाजूला व्हा. माझ्याच दारात. बोर्ड लावला फोटो काढू नका म्हणून, तर आता त्या बोर्डाचे फोटो काढतात.

जुने लोक सांगतात पोर्तुगीज असताना पाऊस संपला की घराला रंग द्यावाच लागायचा. आता सक्ती नाही, पण रंग उडालेलं घर दिसलं की बाहेरचे लोक इन्स्टावर लिहितात बघा गोवेकरांना किंमत नाही. मग रंगाचा डबा घेऊन या ना. आमच्या टुरिझमच्या प्रत्येक जाहिरातीत ही गल्ली असते, त्यातला एक रुपया गल्लीतल्या कौलावर पडलेला मी पाहिला नाही.

ताई तुमच्या आतेभावाला सांगा, अर्ज कुठे करायचा ते मलाही कळवा.

चिरेबंदी

@कडू_कारलं, फोटोवाल्यांचं शंभर टक्के खरं. मी सोप्यावर कुंड्या ठेवल्यात, कोरफडीच्या. बसून बघ म्हणावं.

पण खर्चाचं एक सांगतो, नियमामुळे खर्च वाढतो असं आपण धरून चालतो ते सगळं खरं नाही. मी दोन्ही कोटेशनं घेतली होती, स्लॅबचं आणि कौलांचं. कौलांचं कमी निघालं, कारण जुनी मंगळुरी कौलं अर्ध्याहून जास्त परत वापरता आली. शिक्का बघा कौलाच्या पाठीवर, आमच्या काही कौलांवर बासेल मिशनचा (मंगळूरचा जुना कौलांचा कारखाना) निघाला. महाग पडलं ते लाकूड आणि मजुरी.

गळकं_कौल

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टरला स्लॅब नको म्हणून कळवलं, तो म्हणाला मग दुसरा माणूस बघा.

फॉर्म डी काढला आणि खरं दुखणं तिथे कळलं. त्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. आजोबा-आजी दोघं जाऊन वीस वर्षं झाली, कोणी काही केलेलंच नाही. बाबा धरून पाच भावंडं. मोठे काका इथे, धाकटे काका वास्कोला, एक आत्या बेळगावला, एक डोंबिवलीला. आमच्या घरात आई, मी आणि भाऊ. विकायचा प्रश्नच नाही पण दुरुस्तीच्या पत्रावर तरी सही कोणी करायची? डोंबिवलीच्या आत्याचा फोन आला, त्या एजंटने तिलाही गाठलंय, ती म्हणते माझा हिस्सा मी त्या पार्टीला देऊन टाकते, तुम्हाला घर ठेवायचं तर ठेवा.

वकिलीणबाई

हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही. माझ्याकडे जुन्या घरांच्या ज्या फाइल येतात, त्यातल्या बहुतेकांत हेरिटेज हा शब्द तिसऱ्या पानावर येतो, पहिल्या दोन पानांवर नुसती वंशावळ असते.

बेळगाव-डोंबिवलीच्या मंडळींना बरेचदा माहीत नसतं म्हणून लिहिते. गोव्यात लग्नानंतरची मालमत्ता आणि वारसा अजून पोर्तुगीज नागरी संहितेच्या वाटेने चालतं, ती १८६७ ची, वारसा आणि इन्व्हेंटरीसाठी आता २०१२ चा गोव्याचा कायदा आहे. मुलगा-मुलगी सारखे हिस्सेदार. वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोचं सगळं सामाईक, म्हणजे प्रत्येकाच्या हिश्शात त्याच्या जोडीदाराचा अर्धा, आणि घरजमीन विकताना दोघांच्या सह्या. तुमच्याकडे मोजा, चार काका-आत्या जोडीने, म्हणजे आठ. आई. तुम्ही आणि यजमान, भाऊ आणि वहिनी. तेरा सह्या. त्या दिल्लीच्या पार्टीला हे एजंटने सांगितलं नसणार. लग्न कुठे आणि कसं नोंदलंय त्यावर एखाददुसरं नाव कमीजास्त होईल, ते कागद बघून.

आत्याबाई आपला न वाटलेला हिस्सा बाहेरच्याला द्यायला निघाल्या तर बाकीच्यांना आधी घ्यायचा हक्क असतो. त्यांना तसं गोड शब्दांत लिहून कळवा, भांडू नका, फक्त लेखी ठेवा.

कायमचा उपाय म्हणजे इन्व्हेंटरी. कोर्टात सगळ्या वारसांची आणि मालमत्तेची यादी होते. घराचे तुकडे पडत नसतील तर वारसांमध्येच बोली लागते, लिसिटेशन म्हणतात. बाहेरचा कोणी बोली लावू शकत नाही. ज्याची बोली जास्त, घर त्याचं, आणि त्याने बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायचे. हेरिटेज झोनचा इथे एक वेगळाच परिणाम बघितलाय मी, ज्याला घर ठेवायचंय त्याला तो झोन मदत करतो, कारण पाडून सहा फ्लॅट उठवता येत नाहीत म्हटल्यावर घराची किंमत फ्लॅटच्या हिशोबाने कोणी लावत नाही. आणि कॅफेवाल्याच्या हिशोबाने लावायची तर कॅफेवाला बोलीत नसतो.

छप्पर मात्र इन्व्हेंटरीसाठी थांबणार नाही. घर वाचवण्यापुरती दुरुस्ती कुठलाही सहमालक करू शकतो, पण काउंटरवर सगळ्यांची ना-हरकत मागतील. मोठ्या काकांच्या नावाने पत्र द्या, बाकीच्यांच्या साध्या कागदावर सह्या घ्या, खर्चाची बिलं जपून ठेवा, पुढे हिशोबात धरता येतात.

स्विंडनकर

देव बरें करूं, मी मूळचा डिचोलीचा, पोर्तुगीज पासपोर्टावर इथे इंग्लंडात स्विंडनला आलो त्याला पंधरा वर्षं झाली. इथे रेल्वे व्हिलेज म्हणून भाग आहे, एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या कामगारांसाठी बांधलेली दगडी घरं, एकाला एक चिकटून. तो कॉन्झर्व्हेशन एरिया आहे. तिकडे एका मित्राच्या घराचं काम केलं म्हणून लिहितो.

इंग्लंडात ही कल्पना १९६७ च्या कायद्याने आली, पहिला एरिया लिंकनशरमधलं स्टॅम्फर्ड गाव. आता देशभर दहा हजारांच्या आसपास आहेत. इथे एक घर सुटं लिस्टेड असणं वेगळं आणि अख्खा भाग कॉन्झर्व्हेशन एरिया असणं वेगळं. लिस्टेड असेल तर आतल्या जिन्यालासुद्धा हात लावताना विचारायचं. नुसतं एरियात असेल तर आत तुम्ही काय वाट्टेल ते करा, बाहेरचं बघतात. पाडायचं तर परवानगी. आणि काही ठिकाणी कौन्सिल आर्टिकल फोर लावते, मग साधी खिडकी बदलायची तरी अर्ज. मित्राला लाकडी खिडकी काढून प्लास्टिकची घालायची होती, नाही मिळाली.

मला गंमत झाडांची वाटली. मागच्या अंगणातलं आपलंच झाड, पण बुंधा छातीच्या उंचीला ७५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर फांदी छाटायच्या आधी सहा आठवडे कौन्सिलला कळवायचं. ७५ मिलिमीटर म्हणजे केवढं, आपल्या शेवग्याची फांदी. मी म्हटलं आमच्या डिचोलीत हा नियम लावला तर निम्मा गाव कोर्टात.

तिकडे आणि इथे मला दिसलेला फरक एकच, इथे घर घेतानाच वकील सांगतो की हे एरियात आहे, पत्रात लिहून देतो. आपल्याकडे माटोळी बांधताना कळतं.

ड्राफ्ट्समन_बाब

शेवटचं वाक्य भारी स्विंडनकर.

ताई एक राहिलंच. ती शिंपल्यांची खिडकी कॉन्ट्रॅक्टरच्या हाती देऊ नका, ते भंगारात घालतात आणि मग ती एखाद्या रिसॉर्टच्या भिंतीवर दिसते. शिंपला तुटला असेल तर नवीन मिळणं कठीण, तो प्राणी वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे, चिखलीच्या खाडीत दिसतो म्हणून जाऊन उचलायचा नाही. जुन्या मोडलेल्या खिडक्यांचे शिंपले जपून ठेवणारे सुतार आहेत, त्यांच्याकडे विचारा. पट्ट्यांच्या खाचा साफ करून शिंपला नुसता सरकवायचा असतो, गोंद लावायचा नाही, पावसात लाकूड फुगतं तेव्हा त्याला जागा लागते.

आणि पुढे होमस्टे वगैरे विचार असेल तर टुरिझम खात्याकडे नोंदणी लागते, १९८२ चा कायदा. झोनमध्ये आहे म्हणून होमस्टे चालत नाही असं काही नाही, पण वापर बदलतोय म्हटल्यावर पीडीएला विचारून घ्या आधी.

गळकं_कौल

अपडेट द्यायचं होतं, उशीर झाला.

झोनिंग सर्टिफिकेट आलं, घर झोनमध्येच आहे, मागचं परसू मात्र बाहेर. बाब, तुम्ही म्हणालात तशी रेघ खरंच आमच्या विहिरीवरून गेलीय!

तेरापैकी अकरा सह्या झाल्या. बेळगावच्या आत्याने सही केली आणि वर लिहून पाठवलं की बाल्कांवच्या डाव्या सोप्याची कड तुटली होती ती मी लहानपणी पडून तोडलेली, ती तशीच ठेवा. डोंबिवलीच्या आत्याला मी फोन न करता भेटायला गेले. हिश्शाचं काही बोलले नाही. वाशाचा तो भुसा मी डबीत भरून ठेवला होता, तो दाखवला. बराच वेळ बोटाने चाळत बसली, मग म्हणाली विकायचं की नाही ते नंतर बघू, पण घर पडलं असं व्हायला नको. तिची सही पुढच्या आठवड्यात, यजमानांचीही त्याच वेळी. इन्व्हेंटरीसाठी वकिलीणबाईंनी व्यनिमध्ये सांगितलं तसे जन्म-मृत्यूचे दाखले गोळा करतेय, आजोबांच्या लग्नाचा दाखला सापडत नाहीये, तो पोर्तुगीजमध्ये असणार.

पत्र दिलं, पोच मिळाली. मेस्त सांतोमेच्या कामावरचाच, चिरेबंदींनी नंबर दिला. छप्पर एकदम उघडायचं नाही म्हणतो, अर्धं अर्धं करायचं, मार्चच्या आत. वाळवी मोभापर्यंत गेलेली नाही, सहा वासे आणि भिंतीवरची एक पाटी (वासे टेकतात ते आडवं लाकूड) एवढंच बदलायचंय. कौलं उतरवून अंगणात लावलीत, पाठीवरचे शिक्के बघायला भावाची मुलं दिवसभर तिथेच. बासेलचं एकही नाही निघालं, थोडं वाईट वाटलं. मागच्या पडवीची जुनी नळ्यांची कौलं मात्र तीनचारशे तरी आहेत, ती आता कुठेच बसत नाहीत, मेस्त म्हणतो फोडून पायवाटेत घालू.

कडू_कारलं

फोडू नका!! नळ्यांची दीडशे मला पाहिजेत, माझ्या मागच्या पडवीला तीच आहेत आणि कुठे मिळत नाहीत. रविवारी टेम्पो घेऊन येतो. सकाळी सातच्या आत येतो, नंतर तुमच्या गल्लीत पण नवऱ्या बसलेल्या असतील.